वाचून न दाखवलेली ओळ

भानुदास पेंटर रंग पारखायचा तो कानाने. पारदर्शक प्लास्टिकची बोटभर रुंदीची पट्टी घ्यायची, तिच्यावर रंगाचा एक हात मारायचा आणि ती आठ दिवस पत्र्याच्या छपरावर उन्हात टाकायची. नवव्या दिवशी तो ती पट्टी कानाजवळ धरायचा, डोळे मिटायचा आणि सावकाश दुमडायचा. ‘कट्’ असा बारीकसा आवाज आला की रंग बाद. आवाज आला नाही तर पुन्हा उलट्या बाजूने दुमडायचा. तरीही पट्टी गप्प राहिली तर डोळे उघडून म्हणायचा, “ह्यो ऱ्हाईल.”

बाद झालेल्या पट्ट्या खिडकीखालच्या डब्यात पडायच्या. शंभरेक तरी असतील. प्रत्येकीवर खिळ्याने कोरलेला आकडा. देशी रंग, परदेशी रंग, दाराला देतात तो ऑइल पेंट, एवढंच काय, नेलपॉलिशसुद्धा. ते त्याने बायकोला न विचारता वापरलं होतं आणि मंगलवहिनींनी ते त्याला पुढे बरेच दिवस ऐकवलं होतं.

हे रंग लागायचे आमच्या गाड्यांना. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांचा छंद मला चाळिशी ओलांडल्यावर लागला. हातभर लांबीची गाडी, बॅटरीवरची मोटर, आणि वर काचेसारख्या पातळ पॉलिकार्बोनेटची बॉडी. दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर जमायचो. सगळे नोकरी-धंद्याची, पोराबाळांची माणसं. लोक हसायचे. हसू देत. आठवड्यातले ते दोन तास माझे स्वतःचे होते. एरवी मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. हे पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आमच्यातले एक दाताचे डॉक्टर मला म्हणाले होते, “बॉडी रंगवायची तर नागापूरच्या भानुदासकडे जा. पण रंग तुम्ही नेऊ नका. तो ठरवेल.” मी रंग घेऊनच गेलो. मोटारसायकलला मारतात तो स्प्रेचा डबा. कंपन्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, तिथे शेवटच्या खोलीबाहेर ओट्यावर एक सडपातळ, पन्नाशीकडे झुकलेला माणूस बसला होता. त्याने डबा हातात घेतला, हलवला आणि मला परत दिला.

“सर, ह्यो लोखंडाचा रंग हाय.”

“रंग तो रंग. काय फरक पडतो?”

“लोखंड वाकत न्हाई. ही बॉडी भिताडाला धडकनार, आत दबनार, परत फुगनार. रंगानं बी तिच्यासंगं वाकाय पायजे. ह्यो वाकनार न्हाई, तुटल. आन् ह्यातला थिनर हिला आतून खाईल. चार दिसांनी बघा, मोतीबिंदू झाल्यावानी दिसंल.”

मी रसायनशास्त्राचा माणूस. थिनरसारखं सॉल्व्हंट पॉलिकार्बोनेटला काय करतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण ते माझ्या हातातल्या डब्याला लागू पडतं हे सुचलं नव्हतं. मी डबा पिशवीत टाकला आणि ओट्यावर बसलो. तसा पुढे तीन वर्षं बसत राहिलो.

त्याचं काम बघणं हा एक सोहळा होता. आधी तो बॉडी भांड्याच्या साबणाने धुवायचा, चांगली दोन-तीनदा. मग ती वाळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. “बोटाला त्याल असतं सर, तुमच्याबी.” मग खिडक्यांच्या जागी चिकटपट्ट्या, मग पेनासारखा धरायचा तो एअरब्रश, आणि फुंकर घातल्यागत रंगाचा पहिला हात. त्यावर मंगलवहिनींचा केस वाळवायचा ड्रायर. मग दुसरा हात. या बॉडीला रंग आतून देतात, म्हणजे धडकून खरचटलं तरी रंगाला धक्का लागत नाही. त्यामुळे सगळं उलट्या क्रमाने करावं लागतं. बारीक रेघा आधी, मोठे पट्टे नंतर, पाया सर्वांत शेवटी. गडद आधी, फिकट मागून, नाहीतर पिवळ्याच्या पाठीमागून काळा डोकावतो.

“मानसाला जे पयलं दिसायचं, त्ये आपुन पयलं मारायचं,” तो म्हणायचा. “चूक झाली तर वरनं झाकता येत न्हाई. सगळ्यात वर तीच.”

रंग मात्र पाण्याचाच. तो सावकाश वाळतो, झळाळी थोडी कमी पडते, एअरब्रशची चोच सारखी तुंबते. बाकी ठिकाणचे पेंटर लवकर वाळणारे, वासाचे रंग वापरायचे. भानुदास त्यांना शिवायचा नाही. सुरुवातीला मला वाटलं, ही त्याची शिस्त आहे. ती शिस्त नव्हती, भीती होती.

त्याने बावीस वर्षं तिथल्याच एका कारखान्याच्या रंगाच्या बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंदिस्त खोलीत, काढली होती. गाड्यांचे सुटे भाग आत यायचे आणि तो मोठ्या गनने त्यांच्यावर रंग मारायचा. त्या रंगात एक दुसरं द्रव्य मिसळावं लागतं, रंग दगडासारखा घट्ट व्हावा म्हणून. कामगार त्याला हार्डनर म्हणतात. त्यात आयसोसायनेट असतं. फुप्फुसांनी एकदा त्याचा धसका घेतला की तो आयुष्यभर जात नाही. पुढे कधीही हवेत त्याचा अंश आला तरी श्वासनळ्या आवळल्या जातात. म्हणून बूथमध्ये उभं राहणाऱ्याला बाहेरची स्वच्छ हवा आणणाऱ्या नळीचा मास्क लागतो. तसे मास्क तिथे होते. कपाटात. तपासणीला साहेब आले की बाहेर यायचे, साहेब गेले की परत आत. एरवी नाकाला रुमाल.

“पयल्यांदा सोमवारचा खोकला यायचा,” त्याने मला सांगितलं होतं. “रईवारी गावाकडं गेलो की येकदम बरा. सोमवारी बूथमधी पाय ठिवला की छाती धरली. मला वाटलं, कामाचा कंटाळा आला आसंल.”

मग वास गेला. मंगलवहिनींनी फोडणी करपवली तरी त्याला कळायचं नाही. मग जिने चढवेनात. मग एक दिवस बूथमध्येच कोसळला आणि कंपनीने त्याला घरी बसवलं. सोबत एक कागद दिला. तो इंग्रजीत होता. भानुदासला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ओळख झाल्यावर महिन्याभराने त्याने तो माझ्यापुढे धरला. मी वाचून दाखवला. दमा. कारण, धूम्रपान. कंसात, बिडी.

त्याने कागदाची घडी घातली. आयुष्यात त्याने बिडी ओढली नव्हती. मग म्हणाला, “सर, थिनरच्या डब्याशेजारी बिडी वढनारा मानूस बावीस वरसं जित्ता ऱ्हाईल का? येवढा तरी इचार करून लिवायचं.”

मी हसलो. तो हसला नाही. “माझं गेलं त्ये गेलं. पन शिवाजी अजून त्याच बूथमधी हाय. त्याच्या बी कागदावर उद्या हेच लिवतील. व्हय का न्हाई?”

शिवाजी त्याचा धाकटा भाऊ. भानुदासनेच त्याला तिथे चिकटवलं होतं आणि हे त्याला खात होतं. त्या कागदावरची बिडी खोडायची, मग तोच कागद दाखवून शिवाजीला बूथबाहेर काढायचं, एवढं एकच ध्येय त्याला उरलं होतं. त्याच्यासाठी मी अर्ज लिहिले. उत्तरं आली नाहीत, किंवा आली ती आणखी कागद मागणारी. त्याचे छातीचे डॉक्टर चांगले होते. ते म्हणाले, “मला पटतंय. पण हार्डनरनेच हे होतं, हे दाखवायला काहीतरी पुरावा लागेल. तो पुन्हा हुंगायला देऊन बघायचं, ही तपासणी माणसावर करणं धोक्याचं आहे. मी करणार नाही.”

तर या सगळ्यामुळे त्याचा एक नियम झाला होता. नवीन रंगाची बाटली आली की झाकण उघडायच्या आधी कुणीतरी तिच्यावरचा सगळा मजकूर वाचून सांगायचा. हे काम माझ्याकडे आलं. तो ओट्यावर मांडी घालून बसायचा, मी वाचायचो, मराठीत सांगायचो. मी थांबलो की विचारायचा, “झालं?”

“झालं.”

“मागल्या बाजूला?”

मग बाटली स्वतःच्या हातात घेऊन बोट ठेवायचा. “ह्ये बारीक काय लिवलंय?”

त्याला नाक नव्हतं. त्याचं नाक मी होतो.

आता लाल रंगाचं सांगतो.

पुण्याला एका रविवारी शर्यत होती. आमच्यासारखेच हौशी लोक, पण गाड्यांच्या सजावटीलाही बक्षीस होतं. मला तिथे लाल गाडी न्यायची होती. साधा लाल नाही, डाळिंबाच्या दाण्यासारखा, आत उजेड असल्यासारखा. भानुदासने पाण्याच्या रंगात चार लाल करून दाखवले. मागे चंदेरी हात देऊन बघितला, मागे पांढरा देऊन बघितला. एक विटेकडे झुकायचा, एक कुंकवाकडे. पट्ट्या चारही गप्प राहिल्या, पण मला हवा होता तो उजेड एकातही नव्हता. त्यालाही ते पटत होतं. “पान्यात यवढंच येतं सर,” तो ओशाळून म्हणायचा. ते मला बघवत नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला तो लाल हवा होता.

पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाने मला एक बाटली दिली. पारदर्शक लाल, एकाच बाटलीतला, वेगळं काही मिसळायची गरज नाही. त्याने रंगवलेली एक पट्टीही सोबत दिली. शुक्रवारी दुपारी मी दोन्ही घेऊन नागापूरला गेलो. भानुदासने आधी पट्टी उन्हात धरली. तिच्यातून ओट्यावर लाल उजेड पडला. मग कानाजवळ नेऊन दुमडली. उलटी दुमडली. आवाज नाही.

“लई भारी रंग हाय सर,” तो म्हणाला. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर फार वेळा पाहिला नव्हता. “वाचा.”

मी वाचलं. प्लास्टिकसाठी. लवचीक. ऊन सोसणारा. वापरण्यापूर्वी हलवा. मुलांपासून दूर ठेवा.

“मागल्या बाजूला?”

मी मागच्या बाजूचं वाचलं. किती अंतरावरून मारायचा, किती वेळ वाळवायचा.

त्याने बाटली घेतली आणि अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “ह्ये बारीक?”

ती ओळ मी गाडीवरून येतानाच, सिग्नलला थांबलो असताना वाचली होती. यात आयसोसायनेट आहे, दम्याच्या रुग्णांनी हा रंग हाताळू नये, असं तिथे लिहिलं होतं. येताना मी मनाशी हिशोब केला होता. ओटा उघड्यावर आहे, वारं आहे, बॉडी वीतभर रुंद, रंग जेमतेम चार चमचे. बूथमध्ये तो रोज बादलीभर रंग उडवायचा. एवढ्याशाने काय होणार आहे? एवढ्याशानेच होतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, मला होतं.

“पत्ता आहे,” मी म्हणालो. “कंपनीचा.”

त्याने झाकण उघडलं.

तीन हात मारले. तोंडाला साधा कापडी मास्क होता. पाठीमागे चंदेरी दिला, मग काळा. पाचच्या सुमाराला मी बॉडी घेऊन निघालो. तेव्हा तो बरा होता, एअरब्रश धूत बसला होता. मला सुटल्यासारखं वाटलं. हार्डनरचा झटका कधीकधी काही तासांनी येतो, हेही मला माहीत होतं. पण निघताना मी ते आठवलं नाही.

शनिवारी सकाळी शिवाजीचा फोन आला. काल दिवेलागणीला दादाला धाप लागली, पंप मारूनही उतरेना, ओठ काळेनिळे पडले, टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. “आता जरा बरं हाय. तुमास्नी कळवावं म्हनलं,” तो म्हणाला.

रविवारी मी पुण्याला गेलो. हे सांगणं सगळ्यात अवघड जातं, पण गेलो. लोकांनी गाडी हातात घेऊन बघितली, कुणी रंगवली ते विचारलं. दुसऱ्या फेरीत ती वळणावर उलटून कडेच्या पाइपवर आदळली. बॉडी दबली आणि पुन्हा फुगली. रंगाला चीर गेली नाही.

सोमवारी दवाखान्यात गेलो. भानुदासच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्याने हात किंचित वर केला. तिथले डॉक्टर मंगलवहिनींना विचारत होते, त्या दिवशी काय वेगळं झालं, कशाचा वास, कसला धूर?

“काय बी न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “रंग मारत हुते, पन त्यो पान्यासारखाच. सरांनी सगळं वाचून दिल्तं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी कागदावर लिहिलं, कारण समजले नाही.

भानुदास दहा दिवसांनी घरी आला. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. बाटली खिशात होती. वहिनी पाण्याला गेल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसण्याचा धीर झाला नाही. तो भिंतीला उशी लावून बसला होता. मी बोलायचा थांबल्यावर त्याने हात पुढे केला. मी बाटली दिली. त्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“आता वाचा.”

मी वाचलं.

“परत.”

मी परत वाचलं. बाहेर कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला, पाळी सुटली. रस्त्यावरून सायकली, मोटारसायकली गेल्या. त्या सगळ्या जाईपर्यंत त्याने त्या ओळीवरचं बोट उचललं नाही.

“सर,” मग तो म्हणाला. दर तीन-चार शब्दांनी त्याला थांबावं लागत होतं. “बावीस वरसं कंपनीनं मला सांगितलं न्हाई. पन त्यांना माझं नाव बी धड ठाव नव्हतं. तुमाला ठाव हुतं.”

मी रडलो. त्याने मला रडू दिलं. समजूत घातली नाही आणि जा असंही म्हणाला नाही. त्याचा विचार दुसरीकडेच चालला होता.

“डाक्टर काय म्हनले हुते? ही तपासनी मानसावर करता येत न्हाई म्हनले. जीव जाईल म्हनले.” त्याने बाटली माझ्या हातात ठेवली. “ती तुमी केली. आता लिवून द्या.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हार्डनर असलेला रंग त्याने मारला आणि काही तासांत त्याचा श्वास कोंडला. त्याचा आजार कशाने झाला हे सांगणारा याहून चांगला पुरावा मिळणार नव्हता. फक्त कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं की बाटलीत काय होतं, आणि ते माहीत असून त्याला कुणी दिलं. मी ‘देतो’ म्हणालो आणि घरी आलो.

आणि तीन आठवडे दिलं नाही. रोज लिहायला बसायचो. पोलीस येतील का, कॉलेजात कळलं तर काय, मुलीच्या सासरी कळलं तर काय. एकदा अर्धं पान लिहिलं. त्यात ‘नजरचुकीने’ असा शब्द आला. तो बघून मीच पान फाडलं. त्या तीन आठवड्यांत भानुदासचा फोन आला नाही.

एका दुपारी मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, गेटवर कुणीतरी तुमच्यासाठी बसलंय. भानुदास गेटाबाहेर मोरीच्या कठड्यावर बसला होता. नागापूरहून रिक्षाने आला होता, पण रिक्षा रस्त्याच्या पलीकडे थांबली आणि रस्ता ओलांडायलाच त्याला बराच वेळ लागला होता, असं शिपायाने सांगितलं. धुतलेला पांढरा सदरा घातला होता. छाती भात्यासारखी हलत होती.

“कागद न्यायला आलोय,” तो म्हणाला. “रागं भराय न्हाई.”

मी त्याला प्रयोगशाळेत आणून स्टुलावर बसवलं. पोरं तासाला गेली होती. तिथेच, त्याच्यासमोर मी दोन पानं लिहिली. ओळ वाचली होती, हेही लिहिलं. विचारल्यावर पत्ता आहे असं खोटं सांगितलं, हेही लिहिलं. खाली सही केली. त्याने पानं नीट घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि पाणी मागितलं.

त्या कागदाने काम केलं. छातीच्या डॉक्टरांनी माझा जबाब जोडून स्वच्छ शब्दांत पत्र लिहिलं, हा आजार हार्डनरने झालेला आहे आणि या माणसाने कधी धूम्रपान केलेलं नाही. ते कारखाने तपासणाऱ्या कचेरीत दाखल झालं. मला तिथे बोलावून प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. पोलीस आले नाहीत. कॉलेजात कुणी काही बोललं नाही. ज्याला मी घाबरत होतो त्यातलं काहीच घडलं नाही, हे मला अजून बोचतं.

भानुदासची छाती मात्र त्या झटक्यातून वर आली नाही. खोली सोडून तो गावी गेला. राळेगणसिद्धीच्या अलीकडे, पारनेरच्या वाटेवर त्याचं गाव. एसटीने मी तीन-चारदा गेलो. तो अंगणात उन्हाला बसलेला असायचा. एअरब्रश त्याने कुणालातरी देऊन टाकला होता. रंगांचं बोलणं मात्र सुटलं नव्हतं. एकदा समोरच्या देवळाच्या फाटकाला रंग द्यायला एक पेंटर आला होता. भानुदासने मंगलवहिनींना पाठवून त्याच्याकडून डबा मागवला आणि माझ्यापुढे ठेवला.

“वाचा.”

मी वाचायला लागलो. पुढची बाजू, मागची बाजू. साधा ऑइल पेंट होता, तसं सांगितलं.

“पत्ता बी वाचा,” तो म्हणाला.

मी पत्ता वाचला. गावाचं नाव, पिन कोडसकट. त्याने ऐकून घेतलं, डबा परत पाठवला आणि पेंटरला निरोप दिला की नाकाला ओला रुमाल बांध, अन् वाऱ्याला पाठ करून उभा राहा. माझ्याकडे बघून तो हसला की नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

त्याने मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. त्याने कधी सांगितलं नाही. मी गेलो की चहा सांगायचा. उठलो की ‘या’ म्हणायचा. ‘पुन्हा’ हा शब्द तो आधी त्याला जोडायचा, आता जोडत नव्हता. किंवा दम पुरत नसेल.

थंडी सरता सरता एका सकाळी तो गेला. अंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं, तिथपर्यंत चालत गेला आणि बसला तो उठलाच नाही. मी पोचेपर्यंत ओढ्याकाठी सगळी तयारी झाली होती. मी मागे उभा राहिलो. शिवाजीने अग्नी दिला.

दहाव्याला गेलो तेव्हा मंगलवहिनींनी मला बाजूला बोलावलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“सर, तुमी कागद लिवून दिला, बरं केलं. त्यांच्या जिवाला त्येवढं समाधान मिळालं. पन आता येत जाऊ नका. तुमी अंगनात दिसला की मला ती सांज दिसती.”

मी त्यांना नमस्कार केला आणि एसटीच्या थांब्यावर येऊन बसलो. त्यानंतर त्या गावाला गेलो नाही.

परवा बऱ्याच दिवसांनी शिवाजीचा फोन आला. त्याला आता बूथमधून काढून स्टोअरला दिलं आहे. त्याची छाती तपासली, थोडी धरलीय, पण दादासारखी नाही. दादाच्या कागदामुळे साहेब लोक येऊन गेले, कंपनीला नोटीस निघाली, कपाटातले मास्क बाहेर आले, त्यांना नवीन नळ्या जोडल्या. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. भावाने मरता मरता काहीतरी करून दाखवलं असा.

“किती मास्क आहेत?” मी विचारलं.

“दोन हायेत सर.”

“आणि बूथमध्ये माणसं?”

“तीन.”

“मग तिसरा काय करतो?”

“पाळीनं घालत्यात,” तो म्हणाला.